हातच्याला जागा

तिसा नदीच्या काठी, आमच्या कचेरीत,
रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
सातव्या मोजपट्टीने पाणी सांगायचं सोडलं
आणि चांदण्या छापल्या.
तीन. ओळीने.

  ९७८ ९९१ * ९८६

आधी वाटलं, छपाईयंत्र बिघडलं.
मग वाटलं, तार वाहून गेली.
बांधावरचा बोतोंद चिखलाच्या बुटांनी आत आला,
कागदावर वाकला, म्हणाला,
चांदण्या? म्हणजे उतरतंय का?
बाहेर आभाळात एक नव्हती.

फोर्ट्रान खोटं बोलत नाही.
तीन घरं दिलीत आणि चार आकडे आले
तर ती पहिला कापत नाही, शेवटचा गिळत नाही,
एक हजार चारचे शंभर करून
कुणाला गाढ झोपवत नाही.
दिलेली सगळी घरं फुल्यांनी भरते:
माझ्याकडे उत्तर आहे,
तुम्ही जागा दिली नाहीत.

नऊशे नव्याण्णव अधिक एक.
शून्य, हातचा एक. शून्य, हातचा एक. शून्य,
आणि शेवटचा हातचा
हातातच राहिलेला,
ठेवायचा कुठे?

देझो-बाचीला फोन लावला.
निवृत्त होऊन एकोणीस वर्षं, वय एक्क्याऐंशी,
पहिल्या घंटीला उचलला.
कितवी?
सातवी.
बराच वेळ नुसता खोकला.

मग म्हणाला: तारखेला आठ घरं.
पुढे अठरा मोजपट्ट्या,
एकेकीला एक मोकळं आणि तीन आकड्यांची.
मोज.
मोजली. ऐंशी.
ऐंशीच होती तेव्हा कागदाची रुंदी, तो म्हणाला,
कागदाला विचारून लिहिलं मी.
नदीला नाही विचारलं.

रुंद कागद नव्हता. खालच्या गावातला वाचणारा प्रोग्रॅमही
ऐंशी घरांच्या पुढे बघत नाही.
मी म्हणाले, एक ओळ तोडून दोन करू?
नको, मध्यरात्री कुणाला नव्या ओळी शिकवू नकोस.
मोकळं घर काढ. तीनचे चार कर.
पण आकडे चिकटतील.
चिकटू देत, पोरी. यंत्र घरं मोजून वाचतं,
फट बघून नाही.

दोन खुणा खोडल्या, एक आकडा बदलला.
संकलकाने मुकाट्याने मान डोलावली.
सगळी अठराच्या अठरा पुन्हा फाइलीत उतरली:

  ९७८ ९९११००४ ९८६

यंत्राचं ठीक होतं.
पण एमेशे खालच्या गावातून फोनवर मोठ्याने वाचत होती,
शाळेच्या जिन्यावर बसलेल्या लोकांसाठी,
आणि अडखळली.
नऊ, नऊ, एक, एक... हे काय आलंय?
नऊशे एक्क्याण्णव, मी म्हटलं.
मग श्वास घे.
मग एक हजार चार.
तिने घेतला. मला ऐकू आला.
मागे कुणीतरी बाकं सरकवायला लागलं.

खिडकीतून बांध दिसत होता, दिव्यांपुरता.
संध्याकाळी माणसं हातभर अंतरावर उभी होती,
आता खांद्याला खांदा,
पोतं जमिनीला टेकत नव्हतं.

पहाटे सहाच्या ओळीत तीन मोजपट्ट्या एकमेकींना खेटल्या,
१००२१०१९१००७,
बोतोंद म्हणाला, हा तर कुणाचातरी फोन नंबर.
आम्ही हसलो. वाईट हसलो.

नवव्या दिवशी सातवीच्या आधी
एक मोकळी जागा परत आली.
मी काही बदललं नव्हतं.
नऊशे अठ्ठ्याण्णव. आणि त्याच्या डावीकडे
काहीच नाही.
मी त्या काहीच-नाहीकडे
कॉफी गार होईस्तोवर बघत राहिले.

चांदण्यांचा कागद बोतोंदने मागितला.
दिला नाही, खणात ठेवला.
शरदात देझो-बाची कचेरीत आला तेव्हा दाखवला.
त्याने चष्मा पुसला, आधी तारीख पाहिली,
आणि मग डावीकडून सुरुवात करून,
चांदण्यांवरही न थांबता,
बोटाने घरं मोजत गेला
ऐंशीपर्यंत.